मडक्याला मणका नसतो

आमच्या घरात फोमची एकही वस्तू नव्हती, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. कारण घराच्या पुढच्या अर्ध्या भागात फोमशिवाय दुसरं काही नव्हतंच. कोहमाऱ्याच्या चौकात, गोंदियाकडून येणारा रस्ता जिथे नागपूर-रायपूरच्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे एका धाब्याला लागून आमचं दुकान होतं. ट्रकच्या सीटा, मोटारसायकलच्या सीटा, जीपची छतं, जे म्हणाल ते. पुढे दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागे बाबा, माय आणि मी. पडद्याच्या अलीकडे फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या आणि पलीकडे आम्ही तिघं सिंदीच्या चटईवर वाकळ टाकून झोपायचो. फोम हा माल होता, आणि माल गिऱ्हाइकाच्या अंगाखाली जायचा असतो, आपल्या नाही, असा मायचा कायदा होता. एकदा तापात मी एका लादीवर जाऊन पडले होते, तर तिनं मला तशीच उचलून चटईवर आणलं आणि त्या लादीवरून फडकं फिरवलं.

बाबा फोम कापायचे आणि माय कव्हर शिवायची. हॅक्सॉ ब्लेडला घासून घासून बाबांनी सुरीसारखी धार आणली होती, ती फोममधून जाताना कच्च्या पपईतून विळा जावा तसा आवाज यायचा. त्यात मायच्या मशीनची घरघर, बाहेर ट्रकच्या एअर ब्रेकचा सुस्कारा, धाब्यावरची कॅसेट आणि कोणीतरी कोणाला तरी हिंदीत घातलेली शिवी. हे सगळं बंद असलं की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा चुलीपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवलेला असे, तरी त्याचा वास आणि लाखोळीच्या वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास पडद्यापाशी एकमेकांत मिसळायचे. आजही पंक्चरच्या दुकानासमोरून गेलं की मला भूक लागते. माझ्या नवऱ्याला हे विचित्र वाटतं, पण तो कोहमाऱ्याचा नाही.

बाबांचा सगळा विश्वास त्यांच्या अंगठ्यावर होता. लादीवर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. त्यावरून ते फोम नरम आहे की कडक, ताजा आहे की मेलेला, हे सांगायचे आणि सांगताना समोरच्याचा चहा संपेपर्यंत थांबायचे नाहीत. माय कमी बोलायची. तिचा अभिमान कव्हरमध्ये होता. तिनं शिवलेलं रेक्झिन ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं असे, चारही बाजूंनी पायपिंग आणि सुरकुती म्हणून औषधालाही नाही. राजनांदगावकडचे एक ड्रायव्हर होते, यादवजी, आठवड्यातून एकदा तरी त्यांचा ट्रक धाब्यावर लागायचा. ते म्हणायचे, "भाभीजी के हाथ की सीट पे मक्खी भी फिसल जाए." माय त्यावर हसायची नाही, पण त्या दिवशी त्यांच्यासाठी चहात साखर जरा जास्त पडायची.

आणि मी उड्या मारायची. शाळेच्या मैदानावर दोन खांब रोवून त्यावर बांबूची कांब ठेवलेली होती आणि पलीकडे चुलबंद नदीच्या वाळूचा खड्डा. आमचे खेळाचे सर रहांगडाले, घरी आईशी पोवारी बोलणारे, आमच्याशी आमच्यासारखं आणि मैदानावर हिंदीत. शिट्टी त्यांच्या गळ्यात लग्नातही असे. मी कैचीनं उडायची, म्हणजे आधी एक पाय, मग दुसरा आणि पलीकडे उभीच्या उभी. तेवढ्या बळावर मी तालुक्यात पहिली आले. गोंदिया तेव्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला होता, त्यामुळे जिल्ह्याच्या स्पर्धेला भंडाऱ्याला जायचं कारण उरलं नव्हतं, गोंदियातच होती. तिथे मी जन्मात पहिल्यांदा उंच उडीची गादी पाहिली आणि शहरातली एक मुलगी कांबीकडे पाठ करून उलटी हवेत गेलेली पाहिली. ती आडवी झाली, कांबीवरून कमरेत वाकली आणि पाठीवर गादीत पडली. मी कैचीनं दुसरी आले. नागपूरला विभागाच्या स्पर्धेला आम्हा दोघींना जायचं होतं, पण परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांपुढे तिची उडीच होती. मला तसंच उडायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

"कैचीनं तू इथवरच येशीन," सरांनीच सांगितलं. "तुह्या टाचेत त्या पोरीपेक्षा जास्त दम हाये. पण पुढची उडी पाठीवरचीच हाये, आन वाळूत पाठ टाकू देणार नाई मी. मान मोडली त तुह्या मायले काय तोंड दाखवू?" गादी शाळेकडे नव्हती आणि येण्याचीही शक्यता नव्हती. मी घरी येऊन जेवताना हे सांगितलं. त्या दिवशी वांग्यात नवेगाव बांधचे सुकवलेले झिंगे घातले होते, जाड तांदळाचा भात होता आणि बाबांचा हात घासासकट तसाच वर थांबला.

"गादी? अवं, गादी त आपला धंदा होय!"

"सीट बसाले असते," माय म्हणाली. "पडाले नसते."

"एकच त गोष्ट हाये."

"एक नोहे." मग ती माझ्याकडे वळली. "आन तुले उलटं कायले उडा लागते? समोर डोळे हायेत त समोर पाहून उडावं. पाठीले डोळे असते का?"

ताटात माझे अश्रू पडले असावेत, कारण मायनं न विचारता आणखी भात वाढला. शेवटी तिचा निकाल असा लागला: बाबांनी गादी करून पाहावी, पण ती तिला स्वतःला पटली पाहिजे. नाही पटली तर नागपूरला कैचीनंच उडायचं आणि पुन्हा या विषयावर बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानाचं जे झालं, त्याला चौकातले लोक अजून हसतात. बाबांनी सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं की सीट फाडली तर जुना फोम फेकू नका, आणून द्या. भंगारातल्या बसच्या सीटा आल्या. यादवजी रायपूरच्या कोणत्या तरी गोदामातून चुऱ्याचा फोम घेऊन आले. चुऱ्याचा म्हणजे कतरणं दाबून चिकटवलेला, रंगीबेरंगी, दाबायला घट्ट. पण मला त्यावर पाडून पाहायला कोणी तयार नव्हतं. म्हणून बाबांनी माझ्या वजनाचा माणूस केला. गोणीत कोंडा आणि वाळू भरली, भातगिरणीच्या काट्यावर मला आणि गोणीला आलटून पालटून चढवलं आणि दोन्ही वजनं सारखी झाल्यावर गोणीला आपला जुना खाकी सदरा घातला. डोकं म्हणून वर मायचं एक मडकं दुपट्ट्यानं बांधलं. खाकी सदऱ्यामुळे धाब्यावरच्या कोणीतरी त्याला हवालदार म्हटलं आणि तेच नाव पडलं. हवालदाराला ट्रकच्या फाळक्यावरून, म्हणजे मागच्या उघडत्या फळीवरून, खाली ढकलायचं होतं. हायवेवरच्या ड्रायव्हरांना हे काम फुकटात मिळतंय म्हटल्यावर रांग लागली. उलट दिशेला जाणारे ट्रकसुद्धा थांबायचे.

पहिली गादी बाबांच्या अंगठ्याला सगळ्यात पसंत पडलेल्या नरम फोमची होती. बसल्यावर तर स्वर्गच. हवालदार पडला, फोममध्ये बुडाला, खालून धप्प असा आवाज आला आणि मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. बाबांनी फोममध्ये हात घालून पाहिला, तर तो पार दबून खालच्या फरशीला टेकला होता. मग दुसरी गादी चुऱ्याच्या कडक फोमची. तिच्यावर हवालदार बुडलाच नाही, अंगणात पडावा तसा पडला आणि मडकं आधीपेक्षा लवकर फुटलं. "माह्या मडक्याइनं तुमचं काय घोडं मारलं?" माय पडद्याआडून म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण ती पडदा बाजूला सारून पाहत होती हे मला दिसत होतं.

तिसऱ्या वेळी खाली चुऱ्याचा आणि वर नरम, असे थर लावले. त्यात बाबांची फार अक्कल होती असं नाही. नरम फोम संपला होता, एवढंच. हवालदार पडला, वरच्या थरात बुडाला, खालच्या थरात सावकाश रुतला आणि राहिला. मडकं अखंड! धाब्यावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि यादवजींनी हवालदाराला सॅल्यूट ठोकला.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात फोमचा एक ठोकळा घेऊन जाते. मुलांना सांगते, याच्या आत लहान लहान खोल्या आहेत, हवेनं भरलेल्या. वरून जोर आला की भिंती आधी जराशा वाकतात, तोवर ठोकळा तुम्हाला अडवतो. मग भिंती एकेक करून कोसळायला लागतात, आणि ही मधली वेळ सगळ्यात कामाची. तेव्हा ठोकळा दबत जातो, दबत जातो, पण उलटा जोर फारसा वाढवत नाही. पडणाऱ्याचा वेग तो तेवढ्या वेळात खाऊन टाकतो. शेवटी सगळ्या भिंती एकमेकींवर आल्या की आत जागाच उरत नाही, मग तो फोम नसतो, दगड असतो. पहिल्या गादीत हवालदाराचा वेग संपण्याआधी खोल्या संपल्या. दुसरीत भिंती इतक्या दणकट होत्या की कोसळल्याच नाहीत आणि हवालदाराला थांबायला जागा मिळाली नाही. पडणाऱ्याला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ द्यायचा, एवढंच सगळं शास्त्र आहे. बाबा हे ऐकायला एकदा माझ्या वर्गात येऊन बसले होते. नंतर म्हणाले, "बराबर सांगतलं, पण हवालदार पाहिजे होता."

गादी जमली म्हटल्यावर ती मायच्या हातात गेली आणि माय कामाला लागली. एकदा हातात घेतलेलं काम वाईट करणं तिला जमायचंच नाही. लाल रेक्झिन काढलं, ट्रकमालकांसाठी ठेवलेलं चांगल्यातलं. चारही बाजूंनी दुहेरी शिलाई, पांढरी पायपिंग, कोपरे असे की बोट फिरवलं तर कळू नये कुठे सुरू झाला आणि कुठे संपला. बाबा आणि धाब्यावरची दोन माणसं फोम दाबून धरायची आणि ती शेवटची बाजू शिवून घ्यायची. शिवून झाल्यावर तिनं हाताच्या पंजानं गादीवर चापट मारली. ढोलकीसारखी वाजली. "हे होय काम," बाबा म्हणाले. रहांगडाले सर सायकलवरून गादी न्यायला आले ते बघतच राहिले, आणि मग सायकलवरून ही गादी न्यायची कशी याचा विचार करत बसले. यादवजी म्हणाले, मैं छोड़ दूँगा शाळा में, मगर पहले हवलदार साहब का आखिरी राउंड हो जाए।

त्या राउंडला निम्मा चौक जमला होता. हवालदार फाळक्यावरून सुटला, लाल रेक्झिनवर आपटला आणि दुसऱ्याच क्षणी उसळी घेऊन तिरपा बाहेर उडाला. दुपट्टा सुटला, मडकं धाब्याच्या पायरीवर फुटलं आणि कोंडा एकाच्या चहात पडला. "भाभीजी," यादवजी ओरडले, "आपकी गद्दी ने तो हवलदार को सस्पेंड कर दिया!" सगळे पोट धरून हसले. हसलो नाही ते आम्ही तिघं आणि सर. तोच फोम, तेच थर, काल झेलत होता आणि आज फेकून देत होता. नागपूरची स्पर्धा जवळ येत होती. बाबांनी अंगठा दाबून पाहिला, मग दोन्ही अंगठे दाबून पाहिले. माय आत गेली आणि तांदूळ निवडायला लागली.

मी गादीच्या कडेला फरशीवर फतकल मारून बसले होते. मला वाटत होतं, संपलं. मडक्याचं एक खापर उडून गादीच्या बाजूला लागलं होतं आणि रेक्झिन बोटभर फाटलं होतं. रागानं मी गादीवर एक बुक्की मारली आणि माझ्या पायाला वारा लागला. पुन्हा मारली, पुन्हा वारा. त्या फाटक्या जागेतून, फुंकर घातल्यासारखा. मी मायला हाक मारली. ती हातात सूप घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "माय, इथंसा हात ठेव." आणि बाबांना गादीवर चढून उड्या मारायला सांगितलं. बाबांनी आनंदानं मारल्या. मायचा पदर हलला.

ती बराच वेळ त्या फटीपुढे हात धरून उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. फोमच्या खोल्यांतली हवा बाहेर जायला पाहिजे होती आणि तिच्या पक्क्या शिलाईनं दार बंद केलं होतं. सीटवर माणूस सावकाश बसतो, हवा कुठून तरी हळूहळू निघून जाते. पडणारा माणूस तिला तेवढा वेळ देत नाही. मग कोंडलेली हवाच त्याला परत वर फेकते. सर म्हणाले, "वहिनी, राहू द्या, कव्हर काढून नुसती गादीच नेतो." पण नुसता फोम मैदानावर चार दिवसांत भिजून फाटून गेला असता, हे त्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. तिनं बाबांची ब्लेडची सुरी मागितली. आणि आपल्या दुहेरी शिलाईच्या, पांढऱ्या पायपिंगच्या, सुरकुती नसलेल्या गादीच्या दोन्ही लांब बाजू तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरल्या. रेक्झिन सैल पडलं, वर सुरकुत्याच सुरकुत्या आल्या. मला रडायलाच आलं. बाबांनी तोंड फिरवलं. ती मात्र आत जाऊन घरातली मच्छरदाणी घेऊन आली, आमची एकुलती एक, आणि तिच्या पट्ट्या कापून त्या चिरांत शिवायला बसली. धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या, डासांचा ऐन हंगाम होता. पुढे थंडी पडेपर्यंत आम्ही कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करून झोपलो आणि तरी फोडून निघालो. आज माय माझ्याकडे राहते, मी घेऊन दिलेल्या गादीवर झोपते, आणि त्या गादीच्या कव्हरची एक बाजू तिनं पहिल्याच दिवशी उसवून ठेवली आहे.

नवीन मडकं बांधून हवालदार पुन्हा चढला. पडला. फुस्स असा लांब आवाज आला, जाळी फुगून बाहेर आली आणि परत आत गेली. मडकं हललंसुद्धा नाही. पुन्हा टाकला, डोक्यावर टाकला, तिरपा टाकला. मडकं शाबूत. बाबा नाचायला लागले. मी सँडल काढून फाळक्याकडे धावले.

"थांब," माय म्हणाली. "मडकं वाचलं. मडक्याले मणका नसते."

"मंग आता काय डॉक्टर आणू का मी?" बाबा वैतागले. "फुटून नाई राहिलं ना? मंग?"

"मी पडून पाहते."

आधी कोणाला समजलंच नाही. तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेऊन बांधल्या आणि यादवजींच्या ट्रकच्या चाकावर पाय ठेवून फाळक्यावर चढली. आमची माय, जी कधी झाडावर चढली नव्हती, पाळण्यात बसली नव्हती, मी उडताना डोळे मिटून घ्यायची. तिनं वरून सगळ्या पुरुषांना तोंडं फिरवायला लावली. निम्मा चौक रायपूरकडे तोंड करून उभा राहिला, सरसुद्धा. मग ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, कडेला टाचा आणल्या, आणि एकदा मान वळवून खाली पाहिलं. मला वाटलं, उतरेल. "माय, नको," मी म्हटलं. मी हे खरंच म्हटलं, कारण मला त्या क्षणी उडी नको होती, नागपूर नको होतं, काहीच नको होतं. तिनं हात छातीशी घेतले आणि पाठीवर पडली.

फुस्स. जाळी फुगली, आत गेली. आणि माय उठली नाही.

"अवं?" बाबा म्हणाले. सगळे वळले. बाबा पळत जाऊन गादीपाशी गुडघ्यावर बसले. "लागलं का? कमर गेली का? बोलून काऊन नाई राहिली?"

माय डोळे उघडे ठेवून आभाळाकडे पाहत होती. हात दोन्ही बाजूंना सैल पडले होते. असे सैल हात मी तिचे कधी पाहिले नव्हते. त्या हातात सदैव काही ना काही असायचंच.

"काई नाई झालं," ती म्हणाली. "थांबा ना जरा."

आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"इतकी वर्षं शिवून राहिली मी," ती आभाळालाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "कोनी सांगतलं नाई का हे अंगाखाली असं लागते म्हणून."

यादवजींनी टोपी काढून हातात घेतली. बाबा गादीच्या कडेला बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती उठली, निऱ्या सोडल्या, रेक्झिनवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करायला गेली आणि तशाच राहू दिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "जाय. शीक उलटी उडी."

शिकणं सोपं गेलं असं नाही. पहिल्या दिवशी मी कांब, खांब आणि सरांना एकदमच पाडलं. गादी शाळेत मैदानाच्या कडेला असे आणि मधल्या सुटीत तिच्यावर मास्तरीणबाई बसलेल्या सापडायच्या. पण संध्याकाळी मैदान माझं असे. पाठीवरच्या उडीत सगळ्यात अवघड काय असतं, हे मला कोणी विचारलं तर मी सांगते की धावणं नाही आणि वाकणंही नाही. आपण जिथे पडणार ती जागा दिसत नाही, हे अवघड असतं. मला ते लवकर जमलं. त्या जागेवर माझ्या आधी कोण पडून आलं होतं, हे मला माहीत होतं.

नागपूरला माय आणि बाबा एसटीनं आले, सोबत शिदोरी आणि एका पिशवीत शिंगाडे, सगळ्या मैदानाला पुरतील एवढे. मैदानावर निळी गादी होती, कारखान्यातली, आमच्या गादीच्या दुप्पट. मी पायात बळ आणण्यासाठी जागच्या जागी उड्या मारत होते, तेवढ्यात पाहिलं तर माय दोरीखालून वाकून आत शिरली होती आणि सरळ गादीकडे निघाली होती. "ओ बाई, बाजूला व्हा," पंचांपैकी कोणीतरी ओरडलं. तिनं लक्षच दिलं नाही. गादीवर अंगठा दाबला, सोडला. मग खाली बसून गादीची बाजू पाहिली, बोटानं चाचपली. पंच तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती उठून माझ्याकडे आली होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. एखाद्या लांबच्या गावात अचानक आपलं माणूस भेटावं, तसा झाला होता.

"जाळी हाये," तिनं मला सांगितलं. "पड."

मी धावले. वळले. कांब माझ्या पाठीखालून गेली आणि मला फक्त नागपूरचं आभाळ दिसलं, मग फुस्स असा ओळखीचा आवाज आला. त्या दिवशी मी तिसरी आले. गोंदियाची ती मुलगी पहिली आली आणि नंतर आम्ही दोघींनी मिळून शिंगाडे खाल्ले. पण मला आठवतं ते पडल्यानंतरचं. कांब वर तशीच होती, हललीसुद्धा नव्हती. मी हात पाय सैल सोडून त्या निळ्या गादीवर पडून होते आणि उठत नव्हते. पंचांनी शिट्टी वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. मला अजून जरा वेळ पाहिजे होता.

तेवढ्यात दोरीपलीकडून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात माय ओरडली, "ऊठ ना वं! दुसऱ्याइच्या पोरीइले बी पडू दे!"

या वेळी तिचे डोळे उघडे होते.